स्नान आणि वेठ

आपल्या ख्रिस्ती जीवनाचा आरंभ एका स्नानाने होतो. मराठी ख्रिस्तसभेने आपल्या पहिल्या संस्काराला ‘स्नानसंस्कार’ हे साधे आणि अर्थपूर्ण नाव दिले आहे. या स्नानाचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. कोणालाही स्वतःचा स्नानसंस्कार स्वतः करून घेता येत नाही. राजा असो, पंडित असो वा उद्याचा परमगुरुस्वामी असो, त्याच्या मस्तकावर पाणी ओतायला दुसऱ्याचाच हात लागतो. प्राणसंकटाच्या वेळी तर तो हात एखाद्या सुईणीचा, शेजारणीचा, इतकेच काय, ख्रिस्ती नसलेल्या माणसाचाही चालतो. ख्रिस्तसभेचा उद्देश तेवढा त्याच्या मनात असला म्हणजे झाले. शुद्धी ही आपली कमाई नव्हे, ती आपल्याला दुसऱ्याच्या हातून मिळते, असेच जणू ख्रिस्तसभा आपल्याला पहिल्या दिवशी सांगून ठेवते.

या लेखात आम्हांला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे, तो येथूनच निघतो. आत्म्याच्या शुद्धीबाबत जे खरे, ते शरीराच्या आणि गावाच्या स्वच्छतेबाबतही खरे असेल काय? आपण स्वच्छ राहतो ते कोणाच्या हातांमुळे? आणि ज्या हातांनी आपल्याला स्वच्छ ठेवले, त्या हातांना आपण काय देतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी महाराष्ट्रात पवनारइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की आठेक किलोमीटरवर धाम नदी लागते. तिच्या काठी विनोबाजींचा परंधाम आश्रम आहे. १९३८ साली प्रकृती खालावलेली असताना विनोबा येथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. १९५९ साली त्यांनी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर हेही येथलेच. ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन सिद्ध करणारा हा संत आपणा ख्रिस्ती वाचकांना परका नाही.

परंतु आश्रमाच्या कितीतरी आधी पवनार हे नगर होते. आश्रमाच्या भूमीत खोदकाम करताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील राम-भरत भेटीचे मानले जाणारे शिल्प आजही तेथे भक्तिभावाने जपलेले आहे. इ. स. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा वाकाटकांच्याही आधीपासून येथे वस्ती होती, हे स्पष्ट झाले. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले होते. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले आहे. तो वाद विद्वानांचा आहे. आपल्यापुरते इतके पुरे, की आपण पवनारला जातो तेव्हा एका प्राचीन नगरावर उभे असतो.

प्राचीन नगर म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभे राहते ते शालेय पुस्तकातले मोहेंजोदडो. आणि त्यातही आठवते ते तेथले महास्नानगृह. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आसपास खोल असा हा विटांचा हौद १९२५-२६ च्या सुमारास उजेडात आला. पाणी झिरपू नये म्हणून विटा जिप्समच्या लेपात घट्ट बसविलेल्या, आणि मागे डांबराचा थर दिलेला. दोन बाजूंना पायऱ्या. हे स्नान धार्मिक होते की केवळ आरोग्यासाठी होते, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. परंतु अधिक आश्चर्य त्या एका हौदाचे नसून साध्या घरांचे आहे. घरोघरी उतार दिलेली, पक्क्या विटांची न्हाणी. तिचे सांडपाणी भिंतीतून बाहेर पडून गल्लीतल्या विटांच्या गटारात जाणारे. गटारांवर विटांची वा दगडांची झाकणे. मध्ये मध्ये गाळ साचण्यासाठी खड्डे. एकट्या त्या नगरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी हे होते! आपल्याकडेही हे ज्ञान अगदीच अनोळखी नव्हते. नेवाशाच्या उत्खननात सातवाहनकालीन शोषखड्डे मिळाले आहेत. भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून ते बांधलेले असत, आणि त्यांत घराचे सांडपाणी मुरत असे.

हे सारे वाचताना मन अभिमानाने भरून येते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु उत्खननाच्या वृत्तांतांत एक लहानशी नोंद आहे, ती पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मोहेंजोदडोच्या गटारांच्या कडेला ठिकठिकाणी हिरवट-करड्या वाळूचे लहान लहान ढीग आढळले. गटार वेळोवेळी उपसले जाई, आणि उपसलेला गाळ कधी कधी काठावरच राहून जाई, असा त्याचा अर्थ उत्खनकांनी लावला. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाकून, हात घालून तो गाळ वर काढला होता. महास्नानगृहात कोण उतरत असे याविषयी विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली आहेत: पुरोहित, राजे, श्रेष्ठी. त्या ढिगाजवळ कोण उभा होता याविषयी मात्र आपण क्वचितच विचार करतो. तो नगराचा पगारी सेवक होता, घरचाच कोणी होता, की जबरीने आणलेला मजूर होता? त्या संस्कृतीची लिपी अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नाही, आणि वाचली गेली तरी त्याचे नाव तिच्यात मिळेल, अशी आशा नाही. स्नान करणाराची वास्तू टिकली, आणि स्वच्छ करणाराची खूण म्हणून एक मूठभर गाळ उरला.

विदर्भातील वाकाटकांची लिपी मात्र आपल्याला वाचता येते, आणि तेथे या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. प्रवरसेनाने आपल्या अठराव्या राज्यवर्षात प्रवरपुराहून एक ताम्रपट दिला. अचलपूरजवळच्या चम्मक गावी तो सापडला. त्यात एक गाव एक हजार ब्राह्मणांना दान केल्याचा उल्लेख आहे. दानासोबत त्या गावाला कोणकोणत्या गोष्टींची सूट मिळाली, याची यादी आहे: राजाच्या शिपायांनी तेथे शिरू नये, फुले व दूध घेऊ नये, इत्यादी. त्याच यादीत ‘विष्टी’चीही सूट आहे. विष्टी म्हणजे बिनमोलाने करून घेतलेली सक्तीची कामगिरी. आपल्या मराठीतला ‘वेठ’ हा शब्द याच ‘विष्टी’चा वंशज. सूट द्यावी लागली याचाच अर्थ असा, की ज्यांना सूट नव्हती त्यांच्याकडून वेठ घेतली जात होती. राजधानीचे रस्ते, बांधकामे, ओझी यांतले किती काम वेठीचे होते, हे ताम्रपट सांगत नाही. परंतु नगराच्या वैभवाखाली वेठ होती, एवढे तो निश्चित सांगतो.

येथे धर्माचा प्रश्न उभा राहतो. कारण स्नान आणि शुद्धी यांचा विचार जगातील सर्वच धर्मांनी केला आहे. यहुद्यांचे शुद्धिस्नान, मुसलमान बांधवांचे नमाजापूर्वीचे वुजू, हिंदूंचे नदीस्नान, आपले तीर्थजल. ख्रिस्ती परंपरेत तर दोन टोके दिसतात. ज्याने ख्रिस्तात एकदा स्नान केले त्याला पुन्हा स्नानाची गरज नाही, असे वैराग्याच्या भरात संत जेरोम लिहून गेले. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाच्या नियमात मात्र आजाऱ्यांना हवे तेव्हा स्नान मिळावे, अशी शहाणपणाची तरतूद केली. परंतु देह धुवावा की धुवू नये, हा खरा प्रश्न नव्हेच. शुद्धीची ओढ जेव्हा दुसऱ्या माणसाला अशुद्ध ठरवूनच पुरी होते, तेव्हा ती ओढ धर्म राहत नाही. आपल्या देशात नेमके हेच घडले. काही माणसे सोवळी राहावीत म्हणून काही माणसांच्या माथी जन्मतःच मैला आला. आपला मैला ज्याने उचलला त्यालाच आपण ‘मलिन’ म्हटले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर साध्या पाण्याचा हक्क बजावण्यासाठी जावे लागले.

प्रभू येशूने परुशांना हात धुण्यावरून जे सुनावले ते आपल्याला ठाऊक आहे: माणसाला भ्रष्ट करते ते अंतःकरणातून बाहेर येणारे. परंतु तेवढ्यावरच प्रभू थांबला नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाहुण्याचे पाय धुणे हे त्या काळी गुलामाचे काम होते. म्हणूनच तर पेत्र संकोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकाने पाणी मागविले. पिलाताने लोकांसमोर हात धुतले, तेही स्वतःचेच. एका रात्रीच्या अंतराने दोन परातींत पाणी घेतले गेले. एका परातीत स्वामीने दुसऱ्यांची घाण आपल्या हातांवर घेतली. दुसरीत एका अधिकाऱ्याने आपली जबाबदारी दुसऱ्यांवर ढकलून दिली. स्वच्छतेचे सारे नीतिशास्त्र या दोन परातींमध्ये आहे, असे आम्हांस वाटते.

आता पुन्हा पवनारकडे वळू. तुरुंगातून सुटून आल्यावर १९४६ साली विनोबांनी एक व्रत घेतले. खांद्यावर फावडे टाकून ते रोज पवनारहून सुमारे तीन मैलांवरच्या सुरगावला पायी जात. तेथे गावाच्या वाटेवर लोकांनी केलेली घाण स्वतः उचलीत आणि परत येत. पावसाळा असो, चिखल असो, त्यांनी खंड पडू दिला नाही. हा मार्ग त्यांना नवा नव्हता. साबरमतीच्या आश्रमात मैला वाहणाऱ्या एका लहान मुलाला जड बादली पेलत नाही असे पाहून त्यांचे धाकटे बंधू बाळकोबा पुढे झाले होते, आणि थोरल्या भावाने त्यांना पाठिंबा दिला होता. वर्ध्याच्या मगनवाडीतून महादेवभाई देसाई आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात याच कामासाठी जात. याच विदर्भाच्या मातीतले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. ज्या वाकाटक नगराच्या परिसरात पूर्वी वेठ घेतली जात होती, त्याच परिसरातून एक वेदज्ञ ब्राह्मण कोणीही न सांगता तेच काम करण्यासाठी रोज बाहेर पडत होता. काम तेच, पण वेठ मात्र नाहीशी झाली होती.

तथापि येथे थांबलो, तर आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली गांधीविचारावर टीका करताना याच ठिकाणी बोट ठेवले. भंगीकाम ही त्या समाजाची निवड नव्हती, सक्ती होती. मग त्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणे म्हणजे सक्ती कायम ठेवून वर कौतुकाचा मुलामा देणे नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. विनोबा सुरगावला गेले ते स्वेच्छेने, आणि त्यांना परत यायला आश्रम होता. जो त्या कामातच जन्माला येतो, त्याला कोठे परत जायचे असते? संताने फावडे उचलल्याने त्या कामाचा कलंक पुसला जाईल, पण त्या माणसाची वेठ आपोआप सुटणार नाही. हे कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी ओळखले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून आग्रह धरला. सवर्ण म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग केला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरात गांधीजींनीही येरवड्यात उपवास आरंभिला. परंतु पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी त्याहून महत्त्वाचे कार्य केले. मैल्याचे खत व्हावे आणि कोणाही माणसाला तो डोक्यावरून वाहावा लागू नये, अशा संडासांचा त्यांनी प्रसार केला. दुसऱ्याचे ओझे काही काळ आपल्या खांद्यावर घेणे ही करुणा झाली. ते ओझेच कोणाच्याही खांद्यावर राहू नये अशी व्यवस्था करणे, हा न्याय होय. आपल्याला दोन्ही हवीत.

आमच्या वाचकांना ‘वेठ’ हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानाशी आपण गुडघे टेकतो, तेव्हा शेतावरून येणारा कुरेनेकर शिमोन आपल्यासमोर असतो. सैनिकांनी त्याला वेठीस धरले. संत मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे जे क्रियापद आहे, तेच डोंगरावरील प्रवचनातही आहे. एक कोस वेठीस धरणाऱ्याबरोबर दोन कोस जा, असे प्रभू तेथे सांगतो. पहिला कोस सक्तीचा, दुसरा स्वेच्छेचा. त्या दुसऱ्या कोसात वेठ धरलेला माणूस मनाने मुक्त होतो, आणि सक्ती करणाराला प्रथमच त्याचा चेहरा दिसतो. परंतु या वचनाचा एक दुरुपयोग टाळला पाहिजे. दुसऱ्या कोसाचा उपदेश ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला प्रभूने केला. ओझे लादणाऱ्याने तो करावयाचा नसतो. सफाई कामगाराला ‘तुझे काम किती पवित्र’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्याचे ओझे हलके करावे, पवित्रतेचे तो आणि देव पाहून घेतील.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मानवी हातांनी मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा भारतात १९९३ साली झाला, आणि २०१३ साली अधिक व्यापक कायदा आला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख करण्यात आली. न्यायालयाला ती रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. मोहेंजोदडोच्या गटारात हात घालणारा निदान उघड्या हवेत उभा होता. आपल्या शहरांच्या गटारात उतरणारा माणूस झाकणाखालच्या विषारी वायूत गुदमरतो, आणि त्याच गटाराला आपल्या फरशीच्या न्हाणीघराचे पाणी जोडलेले असते.

आता आपल्या घराकडे आणि धर्मग्रामाकडे पाहू. स्नानसंस्कारात दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे संत पौलाने गलतीकरांना लिहिले. तरीही जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही शिरला आहे, हे भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाच्या धोरणात स्पष्टपणे मान्य केले. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण ते कागदावर राहण्यात मात्र आहे.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी निवडलेली बारा माणसे घरून साबणाने पाय धुऊन, धुतलेले कपडे घालून येतात. धर्मगुरू त्या स्वच्छ पायांवर थोडे कोमट पाणी ओततो आणि पांढऱ्याशुभ्र रुमालाने टिपून घेतो. विधी म्हणून ते ठीक आहे. संस्कारचिन्हे अशीच असतात. परंतु त्याच आठवड्यात मंदिराच्या आवारातील संडासाची टाकी भरली, तर ती कोण उपसतो, त्याला किती पैसे देतो, त्याच्या हातांत मोजे असतात काय, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असते? सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रावळी आणि उष्टे उचलायला येणारी बाई कोणत्या नावाने ओळखली जाते? तिला चहा कोणत्या कपात मिळतो? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात. पण अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू जे विचारणार आहे ते याच जातीचे आहे, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचे वाचन ऐकणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

म्हणून आमची धर्मग्रामांना काही साधी विनंती आहे. टाकी उपसण्यासाठी माणूस आत उतरवू नये. यंत्राची गाडी बोलवावी, खर्च अधिक आला तरी. मंदिर, शाळा आणि सभागृह यांची सफाई करणाऱ्यांना वेळेवर आणि पुरेसे वेतन द्यावे, आणि सणाच्या जेवणाला त्यांना शेवटी न बसवता सर्वांबरोबर बसवावे. घरी मुलांना आपले न्हाणीघर आणि संडास आपल्या हाताने स्वच्छ करायला शिकवावे. मुलीला जितके, तितकेच मुलाला. प्रायश्चित्तकाळात युवक संघाने एका शनिवारी आवारातील गटार उपसावे, आणि धर्मगुरूने त्यांच्यात असावे. झाडू हातात घेतलेल्या लिमा शहरातील संत मार्टिन द पोरेस यांना संत योहान तेविसावे यांनी १९६२ साली संतपद बहाल केले, ते केवळ चित्र भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे.

पवनारच्या नदीत आजही माणसे स्नान करतात. पाणी कोणाचाही भेद करीत नाही. ते ज्याच्या अंगावर पडेल त्याला धुते आणि त्याची घाण घेऊन खाली जाते. खाली दुसरे गाव असते. तेथले पाणी भरणारे लोक असतात. स्नान करून काठावर येणाराने क्षणभर प्रवाहाच्या दिशेने पाहावे. तेथवर ज्याची दृष्टी पोहोचते आणि तेथल्या माणसाची काळजी ज्याला वाटते, त्याच्या स्नानाला पूर्णता आली, असे आम्ही म्हणू.